सुंगेई बुलोह: एक राखलेली नदी आणि परत आलेले ऊद

 

आजची गोष्ट आमच्या घरामागच्या सिग्लॅप कॅनॉलपासून सुरू होते. कॅनॉल म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, तळाला काँक्रीट आणि मधून समुद्राकडे जाणारं पावसाचं पाणी. सकाळी लोक त्याच्या कडेनं पळतात, सायकली चालवतात आणि पुढे ईस्ट कोस्ट पार्कला जातात. गेल्या वर्षी आई पुण्याहून आली होती. ती, मी आणि माझी दहा वर्षांची लेक असे तिघं सकाळी फिरायला निघालो होतो. तेवढ्यात पाण्यात काहीतरी खळबळलं. एकामागून एक सात डोकी वर आली. तपकिरी, ओली, मिशाळ. एकानं तोंडात मासा धरला होता आणि पिल्लं त्याच्यामागे चिर्र-चिर्र ओरडत होती.

लेक म्हणाली, "आजी, ऑटर्स!" तिला नवल नव्हतं. तिच्या शाळेत त्यांची चित्रं लावलेली आहेत.

आई मात्र कठड्याला धरून उभीच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "अरे, हे तर ऊद!"

आईचं माहेर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. तिच्या लहानपणी नदीच्या डोहात ऊद दिसायचे, म्हणजे पाणमांजरं. (झाडावर चढणारं उदमांजर वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.) धुणं धुवायला गेलेल्या बायका ते दाखवायच्या. नंतर ते कधी दिसेनासे झाले, हे तिला सांगता येईना. म्हणाली, "कुणी सांगितलं नाही रे, की आता नाहीत म्हणून. आपण बघायचंच विसरून गेलो." साठ वर्षांनंतर तिला ते पुन्हा दिसले, तेही परदेशात, उंच इमारतींच्या मधल्या एका गटारवजा कॅनॉलमध्ये.

मग लेकीनं विचारलं, "बाबा, पण हे इथे आले कुठून?"

आजचा भाग त्या प्रश्नाच्या उत्तराचा आहे. ते उत्तर आमच्या घरापासून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, वायव्येच्या कोपऱ्यात सापडतं. तिथे सुंगेई बुलोह नावाची एक छोटी नदी आहे. मलय भाषेत सुंगेई म्हणजे नदी आणि बुलोह म्हणजे बांबू. आपल्या भाषेत म्हणायचं तर वेळूची नदी.

ऊद गेले कसे?

ज्या जातीचे ऊद आम्ही पाहिले, त्यांना इंग्रजीत स्मूद-कोटेड ऑटर म्हणतात. भारतात आणि आग्नेय आशियात राहणारी ही जात. जागतिक यादीत तिची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. २०१९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. म्हणजे आईनं कृष्णेत पाहिलेला ऊद आणि सिग्लॅपचा ऊद एकाच घराण्यातला असण्याची शक्यता मोठी.

सिंगापूरमधून ही जात १९७० च्या दशकापर्यंत दिसेनाशी झाली होती. कारण सोपं होतं. ऊद मुख्यतः माशांवर जगतो आणि तेव्हाच्या नद्यांत मासेच नव्हते. आज ज्या सिंगापूर रिव्हरच्या काठी पाहुण्यांना घेऊन आपण फोटो काढतो, तिथे त्या काळी डुकरांच्या आणि बदकांच्या गोठ्यांतला मैला, फेरीवाल्यांचं खरकटं, बोटींचं तेल आणि झोपड्यांचं सांडपाणी जायचं. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत ही नदी आणि कलांग नदीचं खोरं स्वच्छ करायचं, असं लक्ष्य दिलं. गोठे हलवले, फेरीवाल्यांना फूड सेंटरमध्ये जागा दिली, हजारो कुटुंबांना नवी घरं दिली, मालवाहू बोटी दुसरीकडे नेल्या. तळाचा गाळ उपसला. १९८७ मध्ये काम पुरं झालं.

लक्षात घ्या, हे कुणी उदांसाठी केलं नव्हतं. ते पाण्यासाठी, आरोग्यासाठी, धंद्यासाठी होतं. आणि पाणी स्वच्छ झालं म्हणून ऊद लगेच परतलेही नाहीत. घर झाडूनपुसून ठेवलं, तरी राहणारा कुठून तरी यावा लागतो. त्याला आधी उतरायला एक सुरक्षित जागा हवी. ती जागा बुलोहनं दिली.

पक्षी पाहणाऱ्यांची करामत

१९८६ साली मलायन नेचर सोसायटीच्या सिंगापूर शाखेतले काही पक्षीनिरीक्षक फिरत फिरत या कोपऱ्यात पोचले. तिथे कोळंबीची जुनी तळी होती, भोवती खारफुटी आणि तळ्यांच्या चिखलात हजारो स्थलांतरित पक्षी. ही जमीन शेती-तंत्रज्ञानाच्या प्रकल्पासाठी वापरायचा विचार चालू होता. या मंडळींनी पक्षी मोजले, नकाशे काढले आणि सरकारला रीतसर प्रस्ताव दिला. त्यात नुसती कळकळ नव्हती, आकडे होते. १९८९ मध्ये सरकारनं ८७ हेक्टर जागा निसर्ग उद्यान म्हणून राखली. ६ डिसेंबर १९९३ ला ती लोकांसाठी उघडली. २००२ मध्ये आणखी जमीन जोडून १३० हेक्टरला कायद्यानं राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. २००३ मध्ये आसियान देशांच्या वारसा उद्यानांच्या यादीत सिंगापूरचं पहिलं नाव लागलं, ते बुलोहचं.

मी एमबीएच्या वर्गात बसलेला माणूस, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो जमिनीच्या भावाचा. इथे एका फ्लॅटसाठी आयुष्यभर हप्ते भरावे लागतात. अशा देशात ८७ हेक्टर चिखल 'काही न करता' ठेवायचा? सिंगापूरमध्ये एके काळी सुमारे ७५ चौरस किलोमीटर खारफुटी होती, आता तिचा जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. बाकीच्या जागेवर बंदरं, कारखाने, जलाशय आणि घरं झाली. आमचा ईस्ट कोस्टही समुद्रात भराव घालूनच तयार झालेला. म्हणजे मी ज्या इमारतींच्या सावलीत बसून निसर्गाविषयी बोलतोय, त्यांच्या हिशेबात हा तोटाही मांडायला हवा.

म्हणूनच बुलोहचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. शिल्लक फार थोडी होती, तेव्हा त्यांनी त्यातला एक चांगला तुकडा हलवायचा नाही असं ठरवलं.

राखलेली नदी काम कशी करते?

आता थोडं खोलात जाऊ या. 'राखीव' म्हणजे कुंपण घातलं आणि विसरून गेलो, असं नसतं.

बुलोह ही समुद्राला मिळणारी छोटी नदी. जोहोरच्या सामुद्रधुनीतलं खारं पाणी भरतीला तिच्यात शिरतं आणि ओहोटीला बाहेर जातं. सिंगापूरच्या अनेक नद्यांच्या मुखाशी बांध घालून पिण्याच्या पाण्याचे जलाशय केले आहेत. शेजारची क्रांजी नदी १९७० च्या दशकातच अशी अडवली गेली. ते गरजेचं होतं, पण मुख अडवलं की भरती-ओहोटी थांबते. भरती-ओहोटी थांबली की खारफुटी आणि चिखलाचे पट्टे संपतात. बुलोहमध्ये हा श्वास चालू राहिला.

चिखल म्हणजे पक्ष्यांचं ताट. त्यात किडे, शिंपले, खेकड्यांची पिल्लं, निवटे असं सगळं वाढतं. सप्टेंबर ते मार्च या काळात सायबेरिया आणि उत्तर आशियातून पक्षी इथे उतरतात. काही इथेच राहतात, काही पोट भरून पुढे ऑस्ट्रेलियाकडे जातात. टिलवे असतात, तुतवार असतात, पॅसिफिक गोल्डन प्लोव्हर म्हणजे आपले सोनचिखल्या असतात. हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याला मधला एक थांबा गेला, तर 'पुढच्या स्टेशनवर जेवू' म्हणण्याची सोय नसते.

पण भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा पक्ष्यांनी उभं कुठे राहायचं? इथे कोळंबीची ती जुनी तळी कामाला येतात. तळ्यांना पाणी आत-बाहेर सोडायची दारं आहेत. आपल्याकडे रायगडात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते ना, साधारण तशीच. ही दारं वापरून काही तळ्यांतलं पाणी मुद्दाम उथळ ठेवतात. बाहेर समुद्र भरलेला असताना आत चिखल उघडा राहतो आणि पक्षी तिथे येऊन विसावतात. कोळंबीवाल्यांची जुनी युक्ती आता पक्ष्यांसाठी चालवली जाते. त्यामुळे बुलोहला पक्षी पाहायचे, तर भरतीच्या वेळी जावं.

मग ओहोटीला हे पक्षी जातात कुठे? बरेचसे पूर्वेला जवळच असलेल्या मंदाईच्या किनाऱ्यावर खायला जातात. म्हणजे बुलोह हे त्यांचं झोपायचं दालन आणि मंदाई हे स्वयंपाकघर. एकच राखून भागत नाही. स्वयंपाकघर गेलं, तर उपाशीपोटी कोण झोपायला येईल? हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये मंदाईची सुमारे ७३ हेक्टर खारफुटी आणि चिखल राखायचं जाहीर झालं. २०२० मध्ये बुलोह, मंदाई, क्रांजीची दलदल आणि आसपासच्या जागा जोडून सुमारे ४०० हेक्टरचं जाळं करायचं ठरलं. ८७ हेक्टरपासून इथपर्यंत यायला तीस वर्षं लागली.

आणि मग ऊद आले

१९९८ मध्ये बुलोहला उदांची एक जोडी दिसली. सामुद्रधुनीच्या पलीकडे मलेशिया आहे आणि हा प्राणी पट्टीचा पोहणारा. जोडी तिकडून पोहत आली असावी, असं मानतात. तिला इथे मासे मिळाले, बिळं करायला मातीचा काठ मिळाला आणि त्रास द्यायला कुणी नव्हतं. जोडी राहिली. पिल्लं झाली.

मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. १९८९ मध्ये ज्यांनी बुलोह राखली, त्यांच्या प्रस्तावाचा पाया पक्षी हा होता. नऊ वर्षांनी ऊद येतील, हे कुणाच्या कागदावर नव्हतं. तो न मागितलेला लाभांश आहे. माझं काम बँकांचा डेटा एका सिस्टिममधून दुसरीत हलवायचं. त्यात आम्ही एक नियम पाळतो: मूळ प्रत पुसायची नाही. ती कशासाठी लागेल हे आज सांगता येत नाही, पण लागते तेव्हा तिला पर्याय नसतो. राखलेली नदी ही मूळ प्रत आहे. बाकीचं पुन्हा उभारता येतं, पण कशावरून उभारायचं ते शिल्लक असलं तरच.

आणि सिंगापूरनं बाकीचं थोडंफार पुन्हा उभारलंही. बिशान–आंग मो किओ पार्कमध्ये कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कॅनॉल फोडून, त्याची वळणं घेणारी ३.२ किलोमीटरची मातीच्या काठांची नदी केली. ते काम २०१२ मध्ये पुरं झालं. २०१४ च्या सुमारास तिथे उदांची जोडी येऊन राहिली आणि पुढे त्यांचं कुटुंब देशभर गाजलं. मरीना बेच्या काचेच्या इमारतींसमोरही ऊद मासे खाताना दिसू लागले. आज सिंगापूरमध्ये दीडशेहून जास्त ऊद आहेत. नवीन कुटुंबं नवा इलाखा शोधत किनाऱ्यानं, कॅनॉलमधून, कधी चक्क रस्ता ओलांडून पुढे सरकतात. तसेच ते आमच्या सिग्लॅपला पोचले.

काँक्रीटचा कॅनॉल त्यांचं घर नाही, तो त्यांचा रस्ता आहे. समुद्रात पोहल्यावर अंगावरचं मीठ धुवायला त्यांना गोडं पाणी लागतं. अंग कोरडं करायला वाळू किंवा गवत लागतं, पिल्लं ठेवायला बीळ लागतं. हे सगळं एका ठिकाणी मिळत नाही, म्हणून ते फिरतात. सुरक्षित गाभा आणि त्याला जोडणाऱ्या वाटा, दोन्ही हवेत.

शेजारी म्हणून राहताना

सगळ्यांनाच हे पाहुणे आवडतात असं नाही. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एकदा चांगलीच जुंपली होती. जवळच्या एका बंगल्याच्या तळ्यातले महागडे कोई मासे उदांनी एका रात्रीत फस्त केले. "पकडून दुसरीकडे सोडा," असं काहींचं म्हणणं. त्या माणसाचं नुकसान खरं होतं, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण ऊद पकडून नेले, तर रिकाम्या इलाख्यात दुसरं कुटुंब येतं. तळ्याला जाळी आणि फाटकाखालच्या फटी बंद करणं हा जास्त टिकाऊ उपाय. शेवटी तोच केला.

आपण घरच्यांनी पाळायच्या गोष्टी साध्या आहेत. लांबून बघायचं. पिल्लं असतील तर आणखी लांब. कुत्रा असेल तर साखळी धरून ठेवायची. फ्लॅश मारायचा नाही. आणि खायला घालायचं नाही. इथे वन्य प्राण्यांना खायला घातल्यास पहिल्या गुन्ह्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात कबुतरंही आली, कावळेही आले. पितृपक्षात गॅलरीत घास ठेवण्याआधी हे आठवावं. आम्ही आता तो घास ताटातच बाजूला काढून नमस्कार करतो. आईनं याला हरकत घेतली नाही. म्हणाली, "पितर समजून घेतील, पोलीस नाही घेणार."

आपल्याकडे काय?

परत जाताना आईनं विमानतळावर विचारलं, "आपल्या नदीत येतील का रे परत?"

मी लगेच हो म्हणू शकलो नाही. सिंगापूरचं सगळं आपल्याला जसंच्या तसं लावता येत नाही. इथे एक छोटं बेट, एक सरकार. कृष्णा मात्र चार राज्यांतून वाहते, तिच्यावर धरणं आहेत, काठावर गावं, कारखाने आणि वाळूचा उपसा. पण बुलोहचे धडे तिकडेही लागू पडतात.

ठाण्याच्या खाडीचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये तिथला सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, अभयारण्य झाला. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या चिखलात खातात आणि भरतीला नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर विसाव्याला येतात. तीच दोन दालनं! तिकडे स्वयंपाकघर आधी राखलं गेलं आणि झोपायची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. ती वाचावीत म्हणून तिथल्या रहिवाशांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तुमचे भाऊ-बहीण, आई-वडील तिकडे राहत असतील, तर त्यांच्या खिडकीतून दिसणारं ते पाणी नुसता 'व्ह्यू' नाही, हे त्यांना जरूर सांगा.

आणि उदांबद्दल सांगायचं तर, सिंधुदुर्गाच्या खाड्यांमध्ये ते आजही आहेत. म्हणजे आपल्याकडची मूळ प्रत अजून पुसली गेलेली नाही. आईला मी शेवटी एवढंच सांगितलं, "जिथे आहेत तिथे टिकले, तर येतील. तिथूनच गेले, तर कुठून येणार?"

एकदा जाऊन या

सिंगापूरकर मंडळींनो, बुलोहला जायला गाडी लागत नाही. आमच्या बाजूनं निघायचं, तर सिग्लॅप किंवा मरीन परेडहून थॉमसन–ईस्ट कोस्ट लाईननं वुडलँड्स गाठा. तिथे लाल लाईन घ्या, दुसरं स्टेशन क्रांजी. पुढे ९२५ नंबरची बस. प्रवेश फुकट, वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७. निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या. दुर्बीण, पाणी, टोपी बरोबर ठेवा. पाटीवर मगरींची सूचना असेल तर ती थट्टा समजू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरंच आहेत. वाट सोडून काठावर उतरू नका. आणि वाटेत आडवी आलेली भली मोठी घोरपड मुलांना जरूर दाखवा, फक्त तिला आधी जाऊ द्या.

आम्ही गेल्या डिसेंबरमध्ये गेलो होतो. नदीवरच्या पुलावर उभं राहून लेकीनं आजीला व्हिडिओ कॉल लावला. उशिरापर्यंत एकही ऊद दिसला नाही. नुसतं तपकिरी पाणी, चिखल, आणि त्यावर एका पायावर उभे असलेले टिलवे. मला वाटलं, आईचा विरस होणार.

पलीकडून आई म्हणाली, "असू दे. फोन तसाच धर जरा. नदी बघू दे."